रीबे : भरतीच्या वाटेवरचं तेराशे वर्षांचं गाव

डेन्मार्क म्हटलं की आपल्याकडचे बहुतेक लोक कोपनहेगन करतात, जमलंच तर हेल्सिंगोरचा किल्ला बघतात आणि पुढे स्वीडन-नॉर्वेला लागतात. आई-बाबा चिपळूणहून हॅम्बुर्गला आमच्याकडे आले होते आणि बाबांनी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं, "राजधान्या पुरे झाल्या. एखादं गाव दाखव, पायी फिरता येईल असं." बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. नदी, खाडी, बंधारा यांपैकी काहीतरी असलं की त्यांचा दिवस चांगला जातो. म्हणून मी रीबे निवडलं. युटलंड द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य भागात, समुद्रापासून थोडं आत, रीबे नदीच्या काठावर असलेलं हे डेन्मार्कमधलं सर्वांत जुनं गाव. इसवी सन ७०० च्या आसपास इथे व्यापाऱ्यांचा बाजार भरू लागला. आज वस्ती आठ हजारांच्या घरात आहे आणि जुना भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांत चालून होतो.

गुरुवार

हॅम्बुर्गहून नीब्युल, तिथून गाडी बदलून टॉनरमार्गे रीबे, असा रस्ता धरला. मोटारीने लवकर पोचता येतं, पण या रेल्वेच्या खिडकीतून जे दिसतं ते चुकवू नये. सगळी दलदल भरून, बांध घालून मिळवलेली जमीन. दूरवर एक टेकाड नाही. पाण्याने भरलेले सरळ चर, कुरणात मेंढ्या, मधूनच पवनचक्क्यांची रांग. बाबा चर मोजायला लागले तेव्हाच मला कळलं की गाव बरोबर निवडलंय.

सरहद्द कधी ओलांडली ते समजलंही नाही. एकेकाळी मात्र या रेषेला फार वजन होतं. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग प्रांत गमावला आणि सीमा रीबेच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. टॉनर आणि आसपासचा मुलूख सार्वमतानंतर, १९२० मध्ये, डेन्मार्कला परत मिळाला. त्या मधल्या छप्पन्न वर्षांत रीबे हे देशाच्या काठावरचं गाव होतं.

गाव दिसण्याच्या बऱ्याच आधी कॅथेड्रलचा चौकोनी लाल मनोरा दिसतो. सपाट प्रदेशात तेवढीच एक उभी गोष्ट. आई म्हणाली, "समुद्रावरून येणाऱ्यांनाही हाच दिसत असणार." तिचं खरंच होतं, जहाजांनाही तो खुणेसाठी उपयोगी पडायचा.

राहायला लाकडी चौकटीच्या जुन्या घरातली वरची खोली मिळाली. म्हणजे तुळयांचा सांगाडा आणि मधल्या जागेत विटा, असं बांधकाम. जमीन एका बाजूला कललेली, दार इतकं बुटकं की प्रत्येकाने वाकूनच आत जायचं. सामान टाकून लगेच बाहेर पडलो. रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे आहेत, तेव्हा वयस्कर माणसं बरोबर असतील तर जाड तळाचे बूट हवेतच. घरांच्या भिंतीलगत, फरसबंदीच्या फटीतून हॉलीहॉकची उंच झाडं उगवलेली, ऑगस्ट संपत आला तरी फुललेली. फिस्करगेड नावाच्या गल्लीतून नदीकडे उतरणारे बोळ आहेत, एका वेळी एकच माणूस जाईल एवढे. काही खिडक्यांत चिनी मातीच्या कुत्र्यांच्या जोड्या दिसल्या. या किनाऱ्यावर सांगतात की घरधनी समुद्रावर असला की कुत्र्यांची तोंडं बाहेर वळवायची आणि तो परतला की आत. आईने मग प्रत्येक खिडकीशी थांबून कुत्री कुठे बघतायत ते पाहिलं. बहुतेक बाहेरच बघत होती.

जेवून रात्री दहाला चौकात परत आलो. कॅथेड्रलसमोर वाइस स्टूए नावाची १६०० च्या सुमाराची खाणावळ आहे, तिच्या दारातून रात्रीचा पहारेकरी फेरीला निघतो. काळा लांब कोट, हातात कंदील आणि टोकाला काट्यांचा गोळा बसवलेली काठी. जुन्या काळी त्याने रात्रभर गावात फिरून तास पुकारायचे, आग दिसली तर बोंब ठोकायची, दंगेखोरांना आवरायचं. ही नोकरी १९०२ मध्ये बंद झाली आणि १९३० च्या दशकात पाहुण्यांसाठी पुन्हा सुरू झाली. उन्हाळ्यात रोज फेरी निघते आणि तिला पैसे पडत नाहीत. शे-दीडशे माणसं मुकाट त्याच्या मागून चालत होती. ठरावीक कोपऱ्यांवर तो थांबतो, डॅनिश आणि इंग्रजीत त्या जागेची हकीकत सांगतो आणि मग पहाऱ्याच्या गाण्यातलं कडवं म्हणतो. आवाज खडा, सोबत वाद्य नाही. पुढच्या गल्लीत वळेपर्यंत तो सूर मागे भिंतींवर आदळत राहतो.

रीबेचा मध्ययुगीन कायदा किती कडक होता हे त्याने एका जुन्या म्हणीतून सांगितलं. शेजारच्या वार्ड गावात फासावर लटकलेल्या मुलाकडे बघून म्हातारी म्हणते, "देवाचे आभार मान पोरा, तुझा निवाडा रीबेच्या कायद्याने झाला नाही." लोक हसले. बाबा हसले नाहीत. त्यांना तो कायदा कोणी लिहिला हे जाणून घ्यायचं होतं आणि फेरी संपल्यावर त्यांनी पहारेकऱ्याला गाठून ते विचारलंच. उत्तर मिळालं : राजा एरिक क्लिपिंगने १२६९ मध्ये गावाला ही सनद दिली.

शुक्रवार

सकाळी आठला घंटांनी जाग आली. कॅथेड्रलच्या घंटा दिवसातून चारदा धून वाजवतात. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला ब्रोरसनचं स्तोत्र. हा भक्तिगीतं लिहिणारा कवी १७४१ पासून मरेपर्यंत इथला बिशप होता. दुपारी बाराला आणि तीनला वाजतं ते डागमार राणीचं लोकगीत. डागमार बोहेमियाची राजकन्या, राजा दुसऱ्या वाल्डेमारची राणी. ती रीबेच्या गढीत १२१२ मध्ये वारली. गाण्यात राजा तिच्या आजारपणाची खबर ऐकून घोडा फेकत निघतो, सोबतचे स्वार एकेक करून मागे पडतात आणि तो एकटाच पोचतो तेव्हा ती गेलेली असते. आठशे वर्षांपूर्वी वारलेल्या राणीचं गाणं रोज दोनदा अख्ख्या गावाच्या डोक्यावरून वाजतं आणि बेकरीच्या रांगेतली माणसं ते ऐकत उभी असतात, ही गोष्ट मला फार आवडली.

कॅथेड्रलमध्ये शिरताना पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. शतकानुशतकं कचरा, शेण, राख, पडक्या घरांचा राडारोडा साठत गेल्याने भोवतालच्या रस्त्यांची पातळी वर आली आणि चर्च खालीच राहिलं. बाराव्या शतकात बांधकाम सुरू झालं. डेन्मार्कच्या या भागात बांधायला दगडच नाही, म्हणून ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून टफ नावाचा हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड नदीने आणि मग समुद्राने जहाजांतून आणला. पुढे विटा भाजायची कला आली आणि वरचं काम विटांचं झालं. भिंतीकडे नीट बघितलं की कुठे दगड संपतो आणि कुठे वीट सुरू होते ते स्पष्ट दिसतं. पाच समांतर दालनांचं हे डेन्मार्कमधलं एकमेव चर्च आहे. दक्षिणेच्या दारावर ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाचं ग्रॅनाइटमधलं शिल्प आहे. ग्रॅनाइटसारख्या आडमुठ्या दगडात ख्रिस्ताचा लोंबता हात असा कोरलाय की त्याचं वजन जाणवतं. या दाराशी घाई करू नका. बहुतेक लोक दाराच्या मुठीवरच्या सिंहाच्या तोंडाचा फोटो काढून आत जातात आणि वर बघतच नाहीत.

आतला गोल गाभारा बघून मात्र आई जागीच थांबली. एवढ्या जुन्या चर्चमध्ये तिथे निळे, पिवळे, लाल, लहान मुलाने मनसोक्त रंगवावेत असे आकार आहेत. कार्ल-हेनिंग पेडरसन या चित्रकाराने १९८२ ते १९८७ या काळात केलेली भित्तिचित्रं, काचा आणि मोझेक. गावात त्यावरून पुष्कळ वाद झाला होता. बाबांना ती चित्रं जागेशी विसंगत वाटली. आई म्हणाली, "अहो, जुनं होतं ते पण कधीतरी नवंच होतं ना." मी आईच्या बाजूची. राखाडी दगडात एकदम रंग येतो आणि ती वास्तू आजही वापरात आहे हे लक्षात येतं.

एका खांबावर १६३४ च्या पुराची खूण आहे. ११ ऑक्टोबरच्या रात्री वादळाने उत्तर समुद्राचं पाणी किनाऱ्यावर रेटलं. जर्मनीपासून डेन्मार्कपर्यंतच्या या पट्ट्यात आठ ते पंधरा हजार माणसं बुडाली असा अंदाज सांगितला जातो. पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा सहा मीटरहून वर चढलं आणि समुद्रापासून इतक्या आत असलेल्या या चर्चमध्येही शिरलं.

मग मनोरा. आई खाली बसली, मी आणि बाबा चढलो. २४८ पायऱ्या, शेवटच्या लाकडी आणि अरुंद. १२८३ च्या नाताळात इथला आधीचा मनोरा कोसळून माणसं मेली, त्यानंतर हा उभा राहिला. याला नागरिकांचा मनोरा म्हणतात, कारण तो घंटांसाठी होता तितकाच गावाच्या पहाऱ्यासाठीही होता. ५२ मीटर उंची. वरून लाल कौलांचा एक आटोपशीर पुंजका दिसतो, त्याच्या कडेला लगेच हिरवी कुरणं सुरू होतात आणि पश्चिमेला क्षितिजावर राखाडी पट्टी, तो समुद्र. बाबांनी हात लांब करून नदीचा प्रवाह दाखवला. मध्ययुगात गावकऱ्यांनी नदीला बांध घालून पाणी गिरण्यांवर सोडलं, त्यामुळे गावातच प्रवाहाचे फाटे झालेत आणि पाणी तीन ठिकाणी खळाळत खाली पडतं. "पाणी चढून आलं की याला अडवणार काय? काहीच नाही," ते म्हणाले. खरोखर, मध्ये एक उंचवटा नाही.

उतरल्यावर स्किब्रोअनला, म्हणजे जुन्या धक्क्याला गेलो. इथेच मध्ययुगात जहाजं लागायची. डेन्मार्कहून घोडे आणि बैल बाहेर जायचे, कापड, मीठ, दारू आत यायची. आता तिथे सपाट बुडाच्या जुन्या मालवाहू होडीची प्रतिकृती बांधलेली आहे, उथळ समुद्रात ओहोटीला वाळूवर टेकली तरी कलंडू नये अशा घडणीची. तिच्यापासून थोड्या अंतरावर पुरांचा खांब आहे. लाकडी खांबाला वेगवेगळ्या उंचीवर धातूची कडी बसवलेली, प्रत्येक कड्यावर साल. सर्वांत वरचं १६३४. ते बघायला मान मागे टाकावी लागते.

बाबा त्या खांबाला हात लावून बराच वेळ उभे होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या घरात ते कुठवर आलं होतं, त्याची रेघ बाबांनी जिन्याच्या भिंतीवर ओढून ठेवली आहे. रंग काढताना ती पुसू द्यायची नाही असं त्यांनी रंगाऱ्याला बजावलं होतं. इथे तीच रेघ गावाने मिळून, भर धक्क्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ओढून ठेवलीय. "आपल्याकडे प्रत्येक नाक्यावर असा एक खांब पाहिजे," बाबा म्हणाले. "नवीन घर घेणाऱ्याला कळेल तरी."

दुपारी इथली खासियत खाल्ली, बाकस्कुल. डॅब जातीचा चपटा मासा खारवून, वाळवून, धुरावून घेतात आणि खायच्या वेळी लोण्यात परततात. सोबत राईचा काळा ब्रेड. चव खारट, धुरकट, काठ कुरकुरीत. आमच्या घरात सुकी मासळी पावसाळाभर असते, त्यामुळे वासाने कुणी दचकलं नाही. आईने काटे बाजूला काढून ताट चाटूनपुसून साफ केलं. डेन्मार्क महाग आहे, रोज दोन्ही वेळा बाहेर जेवणं झेपत नाही. सकाळी बेकरी, एक जेवण बाहेर आणि एक खोलीवर, हे बरं पडतं.

संध्याकाळ पावसात गेली. खोलीत चहा पीत बसलो असताना बाबांनी विचारलं, की एवढं जुनं गाव टिकलं कसं? त्याचं उत्तर रीबेच्या दैवातच आहे. मध्ययुगात हे डेन्मार्कमधलं फार संपन्न बंदर होतं, राजाची गढी, बिशपची गादी, अनेक मठ. १५३६ च्या धर्मसुधारणेनंतर चर्चचा पैसा आटला. १५८० च्या आगीत अकरा गल्ल्यांमधली २१३ घरं जळाली. मग १६३४ चा पूर, मग स्वीडनशी युद्धं, रोगराई. राजधानी कोपनहेगनकडे व्यापार सरकत गेला. १८६४ नंतर डेन्मार्कला पश्चिम किनाऱ्यावर नवीन बंदर हवं झालं तेव्हा ते १८६८ पासून एस्ब्येरला बांधलं गेलं, रीबेच्या नदीत मोठी जहाजं येऊच शकत नव्हती. म्हणजे इतर गावांत लोक जुनी घरं पाडून नवी बांधत होते, तेव्हा रीबेकरांकडे पाडायलाही पैसे नव्हते. आगीनंतर १५८० च्या दशकात उभारलेली घरं तशीच राहिली.

पण नुसती गरिबी पुरत नाही. गरिबीने घरं पडतातही. १८९९ मध्ये इथल्या नागरिकांनी पर्यटन संस्था काढली आणि जुनी घरं वाचवणं हे तिचं मुख्य काम ठरवलं. आज शंभरावर इमारती संरक्षित यादीत आहेत. मला या गावाबद्दल सर्वांत जास्त आदर कशाचा वाटत असेल तर याचा, की आपल्याकडे जे उरलंय ते मोलाचं आहे हे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं आणि त्यांनी लगेच हालचाल केली.

शनिवार

आज वाडन समुद्र. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क या तिन्ही देशांच्या किनाऱ्याला लागून असलेला हा उथळ चिखल-वाळूचा पट्टा जगातला अखंड असा सर्वांत मोठा भरती-ओहोटीचा प्रदेश आहे. २००९ मध्ये तो जागतिक वारसा झाला आणि डेन्मार्कचा भाग त्यात २०१४ मध्ये जोडला गेला. रीबेहून बसने वेस्टर वेडस्टेडला गेलो. तिथलं वाडन समुद्र केंद्र आधी बाहेरून बघा. २०१७ मध्ये डॉर्टे मांड्रुप या वास्तुरचनाकार बाईंनी ते नव्याने उभं केलं, छपरासकट भिंतीही बोरूने शाकारलेल्या. या भागातल्या शेतघरांची छपरं अशीच असतात. दुरून ती इमारत कुरणातूनच वर आल्यासारखी वाटते.

आत पक्ष्यांबद्दल उत्तम मांडणी आहे. दरवर्षी एक कोटीहून जास्त स्थलांतरी पक्षी या किनाऱ्यावर थांबून पोट भरतात आणि आफ्रिकेकडे किंवा आर्क्टिककडे पुढे जातात. ते खातात काय, तर चिखलातले किडे, शिंपले, गोगलगायी. ओहोटीला चिखलावर सगळीकडे वाळूच्या बारीक शेवयांचे ढीग दिसतात, ती लगवर्म या गांडुळाच्या जातीच्या किड्याची विष्ठा. तो वाळू गिळतो, त्यातलं अन्न घेतो आणि वाळू बाहेर टाकतो. वर्षभरात वरचा सगळा थर त्यांच्या पोटातून जातो.

तिथून ट्रॅक्टर-बस मान्डो बेटावर जाते. मोठ्या चाकांच्या ट्रॅक्टरला डबा जोडलेला. बेटाला पूल नाही. समुद्राच्या तळावरून खडीचा रस्ता आहे आणि तो भरतीला पाण्याखाली जातो, त्यामुळे बसचं वेळापत्रक रोज बदलतं. आम्ही निघालो तेव्हा पाणी ओसरत होतं. दोन्ही बाजूंना ओला, चमकणारा चिखल, त्यात उरलेल्या पाण्याच्या वळणदार वाटा, आणि हजारो पक्षी चोच खुपसत चाललेले. मध्यावर गाडी थांबली आणि सगळ्यांना उतरू दिलं. आईने चपला काढून तळपाय वाळूत रुतवले. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. चारी बाजूंना क्षितिज आणि काही तासांनी आपण उभे आहोत तिथे डोक्यावरून पाणी जाणार, हे माहीत असल्याने पोटात बारीक धडधड होतीच.

मान्डोवर माणसं फार थोडी राहतात, तीस-चाळीस. एक छोटं चर्च, एक दुकान, पवनचक्की, आणि इथेही पुरांचा खांब. बाकी गवत, मेंढ्या आणि बेटाभोवतीचा मातीचा बांध. बांधावरून चालत निम्मं बेट झालं. दुपारी उशिरा, पाणी चढायच्या आत, परतीची गाडी.

बाबांचा आग्रह होता म्हणून संध्याकाळी टॅक्सीने कामरस्लूसेनला गेलो. इथे रीबे नदी समुद्राला मिळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किनाऱ्यावर मातीचा लांबलचक बांध घालायला घेतला आणि नदीच्या मुखाशी १९१२ मध्ये हे दरवाजे बसवले. समुद्र चढला की दरवाजे बंद. नदीचं पाणी आत तुंबत राहतं. ओहोटी लागून बाहेरची पातळी खाली गेली की ते सोडून द्यायचं. तत्त्व साधं, पण वादळात ओहोटीच नीट लागत नाही तेव्हा आत किती पाणी साठवता येईल हा खरा प्रश्न असतो, आणि म्हणून गावापर्यंतची सगळी कुरणं मोकळी ठेवलेली आहेत. हे बाबांनी मला बांधावर उभं राहून काठीने मातीत रेघा ओढून समजावलं. बांधाचा समुद्राकडचा उतार किती लांब, मंद ठेवलाय ते त्यांनी दोनदा चालून बघितलं. लाट आदळू नये, चढत चढत दमावी यासाठी तो तसा असतो. वर गवत आणि गवतावर मेंढ्या. मेंढ्या गवत आखूड ठेवतात आणि खुरांनी माती दाबतात, म्हणजे बांधाची देखभाल त्याच करतात.

हे बांध फुकटात उभे राहिले नाहीत. थोडं दक्षिणेला रेय्स्बीचा बांध बांधत असताना ३० ऑगस्ट १९२३ ला अवेळी वादळ आलं आणि १९ जण बुडाले, त्यांतले बहुतेक बांधावरचे मजूर. ते ऐकल्यावर बाबा गाडीत बसेपर्यंत गप्प होते.

रविवार

सकाळ 'रीबेचे व्हायकिंग' या संग्रहालयात. १९७० च्या दशकापासून इथे पद्धतशीर उत्खननं झाली आणि नदीच्या उत्तर काठावर आठव्या शतकातला बाजार सापडला. आखून दिलेले भूखंड, त्यांवर कारागिरांच्या जागा. कंगवे करणारे, कांस्य ओतणारे, काचेचे मणी करणारे, अंबर घासणारे. शिंगाचे तुकडे, फुटलेले साचे, वितळलेल्या काचेचे थेंब, म्हणजे कारागिराने फेकून दिलेलं सगळं इथे काचेच्या कपाटात आहे, आणि तेच मला सोन्याच्या दागिन्यांपेक्षा जास्त बघण्यासारखं वाटलं. आठव्या शतकाच्या अखेरीस मध्यपूर्वेतून तयार मण्यांचा पुरवठा सुरू झाला आणि स्थानिक मणीकारांचा धंदा बसला. आईला हे लगेच पटलं. "स्वस्त माल बाहेरून आला की असंच होणार."

एक वस्तू मात्र मुद्दाम शोधून बघा. माणसाच्या कवटीचा तुकडा, त्याला भोक पाडलेलं आणि त्यावर रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत अक्षरं कोरलेली. १९७३ मध्ये सापडला, काळ साधारण ७२५. त्यात ओडिन देवाचं नाव आहे. दुखणं घालवण्याचा मंत्र असावा असं बरेच अभ्यासक म्हणतात. याच गावात नवव्या शतकाच्या मध्यात आन्सगार नावाच्या धर्मप्रसारकाला चर्च बांधायची परवानगी मिळाली. कॅथेड्रलजवळच्या खोदकामात त्या सुमाराच्या ख्रिस्ती पद्धतीच्या कबरीही मिळाल्या आहेत.

दुपारी चेटकिणींच्या छळाचं संग्रहालय, २०२० मध्ये उघडलेलं. लहान मुलांना घेऊन जाण्यासारखं नाही. मारेन स्प्लिड ही रीबेतल्या सुखवस्तू शिंप्याची बायको. १६३७ मध्ये दुसऱ्या एका शिंप्याने तिच्यावर आळ घेतला. त्याचं म्हणणं, रात्री तीन बायका आपल्या खोलीत आल्या, त्यांतल्या एकीने आपल्या तोंडात फुंकर घातली आणि सकाळी आपण काहीतरी विचित्र ओकलो. गावातल्या न्यायालयाने तिला सोडलं. तो थेट राजा चौथ्या ख्रिश्चनकडे गेला. शेवटी तिला कोपनहेगनच्या निळ्या मनोऱ्यात, म्हणजे तिथल्या तुरुंगात, नेऊन हाल केले, तिच्याकडून इतर बायकांची नावं वदवून घेतली आणि ९ नोव्हेंबर १६४१ ला रीबेबाहेरच्या फासाच्या टेकडीवर शिडीला बांधून जाळलं. डेन्मार्कमध्ये अशा खटल्यांत सुमारे हजार माणसांचा जीव गेला, बहुतेक बायका. तिच्या घराच्या जागी भिंतीवर पाटी आहे. संग्रहालयातून निघाल्यावर आम्ही तिथे गेलो. आई पाटीवरची अक्षरं एकेक करून वाचत होती, भाषा येत नसूनही. मग म्हणाली, "नवरा शेवटपर्यंत तिच्या बाजूने उभा होता का गं?" होता. लॉरिड्स स्प्लिडने खटला लढवला. तिला वाचवता आलं नाही.

त्याच भागात जेकब रीसचं संग्रहालय आहे. तो १८४९ मध्ये रीबेत जन्मला, १८७० मध्ये अमेरिकेला गेला, पोटासाठी वाट्टेल ती कामं केली, पत्रकार झाला आणि न्यूयॉर्कच्या झोपडवस्तीतल्या कोंदट खोल्यांचे त्याने काढलेले, मॅग्नेशियमच्या झगमगाटातले फोटो बघून शहराला जाग आली. एका खोलीत बारा-बारा माणसं, फलाटासारख्या बाकांवर झोपलेली. ज्या मुलीने आधी नकार दिला होता त्याच एलिझाबेथशी त्याने १८७६ मध्ये परत येऊन इथल्या कॅथेड्रलमध्ये लग्न केलं.

सोमवार

गाडी दुपारची होती. सकाळी रीबेरहूसला जाऊन आलो. गढीचं आता काहीच उरलेलं नाही, खंदकाने वेढलेला गवताळ उंचवटा तेवढा आहे. विटा-दगड लोकांनी नेले. वर डागमारचा पुतळा, जहाजाच्या नाळेवर उभी असलेली, नव्याने या देशात येणारी तरुण राणी. शिल्पकार ॲन मेरी कार्ल-नील्सन, साल १९१३. इथून कॅथेड्रल आणि कौलं एका नजरेत मावतात, गावाचा सर्वांत चांगला फोटो इथूनच येतो.

जायचा विचार असेल तर आधी मान्डोच्या ट्रॅक्टर-बसचं वेळापत्रक बघा आणि त्याप्रमाणे राहायचे दिवस ठरवा, कारण काही दिवस ओहोटी इतक्या गैरसोयीच्या वेळी असते की बेटावर थांबायला वेळच मिळत नाही. वाऱ्याचं जाकीट ऑगस्टमध्येही लागतं. कोपनहेगनहून येणार असाल तर ब्रॅमिंगला गाडी बदलावी लागते. पहारेकऱ्याच्या फेरीसाठी मे ते ऑक्टोबर हाच काळ धरा. आणि मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जमलं तर एक संध्याकाळ टॉनरच्या दलदलीसाठी राखून ठेवा. तेव्हा मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांचे लाखोंचे थवे सूर्यास्ताला आकाश काळं करतात. आमचं ते राहिलंय, त्यासाठी बाबांनी पुढच्या वेळचा व्हिसा सप्टेंबरचा काढायला सांगितलाय.